सेक्टर 10 आणि आमचा ळ



मागच्या वेळी सेक्टर 10 मधल्या क्वार्टरची किल्ली हातात आल्याचं तुम्हाला सांगितलं होतं. आता तुम्ही विचाराल, घर लागलं का? लागलं. ओट्याशेजारी मिसळणाचा डबा आला, खिडकीत मनीप्लांट आला, कूलरला जागा सापडली. फ्रिजही आला. वॉशिंग मशीन मात्र राहिलं, कारण त्या पैशांची पेटी आली.

पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. सासूबाईंना अजून कळत नाही की दोन माणसांच्या घरात चादरी हाताने पिळायच्या आणि वर पेटी कशाला. त्याचीच ही गोष्ट. पण ती सुरू झाली एका भांडणापासून.

आधी आमची थोडी ओळख. मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. नवरा छत्तीसगडचाच, भिलाईच्या प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी. आम्ही दोघंही ख्रिस्ती घरांतले, पण त्याच्या घरी ‘यीशु मसीह’ आणि माझ्या घरी ‘येशू ख्रिस्त’. तो हिंदीत बोलतो, मी मराठीत उत्तर देते, आणि भांडताना दोघंही आपापल्या भाषेला चिकटून राहतो. त्याचा आवाज छान आहे. सेक्टर 6 ला आम्ही ज्या चर्चमध्ये जातो तिथल्या क्वायरमध्ये तो टेनर गातो.

नव्या घराची प्रार्थना ठेवली त्या दिवशी हीच क्वायर आली. दोन खोल्यांत पंचवीस माणसं, शेजारून आणलेल्या खुर्च्या, स्टुलावर कीबोर्ड. गायले काय सुंदर! चार आवाज, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, एकमेकांत असे मिसळले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. टीव्हीला टेकवलेल्या मोबाइलवर नगरहून आई बघत होती. आमच्याकडे कुणाचं नवं घर झालं की झांज घेऊन अभंग होतो. आई त्याची वाट बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, “आपलं एकही नाही का गं घेतलं?”

मी म्हटलं, “घेतलं की. तुझं नेटवर्क गेलं होतं तेव्हा.”

खोटं बोलले. पहिल्याच दिवशी, नव्या घरात, प्रार्थनेनंतर दहा मिनिटांत.

रात्री भांडी जरा जास्तच वाजली. नवरा म्हणाला, “गाना तो गाना है, इसमें तेरा-मेरा क्या?” मी काहीच बोलले नाही, आणि मी गप्प बसले की काय होतं ते त्याला तोवर कळायला लागलं होतं. पुढचे दोन दिवस आमचं संभाषण ‘डबा घेतलास का’ आणि ‘हाँ’ एवढंच.

पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, यात तुझं-माझं काय? ‘आपलं गाणं’ म्हणजे नेमकं काय?

मिशनरी महाराष्ट्रात आले तेव्हा त्यांची गाणी सोबत आली. शब्द मराठीत झाले, चाली त्यांच्याच राहिल्या. अडचण इथेच आहे. इंग्रजी गाणं शब्दावरच्या आघातावर चालतं, तर मराठी पद्य अक्षर लघु की गुरु यावर. परकी चाल जिथे लांब सूर मागते तिथे मराठी शब्दातलं ऱ्हस्व अक्षर आलं, तर ते ओढून ताणून दीर्घ करावं लागतं. समजा, ‘पिता’ म्हणायचंय आणि चालीपायी ‘पीता’ म्हणावं लागतंय. हिंदी कानांना तर तो पिणारा माणूस वाटेल! शिवाय चार आवाजांची बांधणी आपल्या जुन्या गाण्यात नाही. आपल्याकडे एक जण ओळ सांगतो, बाकीचे ती उचलतात, झांज त्यांना धरून ठेवते.

हे मराठी मंडळीत पार बदलून टाकलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919). अभंग, ओव्या, पदं, कीर्तन अशी घरातली, वारीतली, देवळातली रूपं त्यांनी चर्चमध्ये आणली. आमच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची गीतं किती आहेत ते मोजायला बसलं तर संध्याकाळ जाईल. माझ्या आईला ज्याला ‘आपलं’ म्हणायचं होतं ते हे.

आता एक कबुली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मी आधी इंग्रजीत वाचलं. बी.ए.ला इंग्रजी, त्यामुळे शांता गोखल्यांचा 2017 चा अनुवाद हाती लागला. मराठी माणसाने मराठी पुस्तक असं वळसा घालून वाचावं, याची लाज वाटली म्हणून लग्नाच्या सामानात मूळ पुस्तक घेतलं आणि ते खोक्यातच राहिलं. त्या अबोल्याच्या दिवसांत नवरा नाइट शिफ्टला होता. मी खोकं उघडलं.

तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. लग्न 1880 मध्ये झालं, तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. नवरा कवी, हातात पैसा टिकत नाही, नोकरी टिकत नाही, आज या गावात तर उद्या त्या. दर वेळी नवं घर, आणि दर वेळी बाईने ते पुन्हा पहिल्यापासून लावायचं. रागवावं असं सगळं, पण लक्ष्मीबाई ते इतक्या मिस्कीलपणे सांगतात की आपण हसत सुटतो.

वाचता वाचता रात्री दीडच्या सुमाराला मी उठून बसले. राजनांदगाव! पहिल्या वाचनात हे नाव माझ्या डोळ्यांखालून नुसतं गेलं होतं. तेव्हा ते कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं. आता ते आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

1893 साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. दोघांच्या कवितेवर गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. टिळकांनी पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि लक्ष्मीबाई? त्यांना यातलं काहीच नको होतं. नवऱ्याने धर्म सोडला या धक्क्याने त्या कोसळल्या. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, पंढरपूर, नाशिक असं. चार-पाच वर्षं हा संसार तुटलेला होता. टिळकांनी ना दुसरं लग्न केलं, ना त्यांच्यावर जबरदस्ती. शेवटी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे परतल्या, त्याही आपलं सोवळं-ओवळं सांभाळतच. ते सुटलं ते नंतर, स्वतः विचार करून. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून काढलं. कधीकाळी वाचायलाही अडखळणाऱ्या बाईने!

म्हणजे बघा, ज्या अभंगावरून आमच्याकडे भांडी आपटली गेली, त्या अभंगाची सुरुवात आमच्याच रेल्वेलाइनवर झाली होती. आणि त्यापायी एका जोडप्याचं घर पाच वर्षं मोडलं होतं. आमचे दोन दिवस त्यापुढे काय हो!

सकाळी पावणेसातला नवरा आला. चहा ठेवला आणि बूट काढायच्या आत त्याला सगळं सांगितलं. डोळे मिटत होते त्याचे. पण ‘राजनांदगाव’ म्हटल्यावर उघडले. “मेरी नानी का घर है वहाँ,” म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. झोपायला जाताना दारातून म्हणाला, “वो गाना मुझे सिखा दे.”

पेटी आली ती अशी. कीबोर्डवर अभंग बसत नाही असं नाही, पण मला पेटीच हवी होती. नागपूरच्या मावशीच्या ओळखीने एक वापरलेली, भाता धड असलेली मिळाली. ती आम्ही रेल्वेने आणली. गोंदिया गेलं, डोंगरगडची टेकडी गेली. राजनांदगाव आलं तेव्हा पेटी आम्हा दोघांच्या मांडीवर होती, आणि समोरच्या बाकावरचे आजोबा “बजाके तो दिखाओ” म्हणून मागे लागले होते. गाडी थांबल्या थांबल्या त्याने सा धरला. गाडी सुटली, तरी त्याच्या बोटाखालचा सा सुटेना.

आणि गंमत अशी की ही ‘आपली’ पेटीसुद्धा मुळात आपली नाही. ती युरोपातून आली, तिथे तिचा भाता पायाने चालवत. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास तिला हाताचा भाता दिला आणि मांडी घालून बसणाऱ्यांना ती सोयीची झाली. आकाशवाणीने तर 1940 ते 1971 पेटीला दारच बंद केलं होतं, आपल्या संगीताला ती साजत नाही म्हणून. तोवर ती कीर्तनात, तमाशात, चर्चमध्ये आणि भजनी मंडळात जाऊन बसलीसुद्धा होती.

डिसेंबरमध्ये कॅरल गाणारी मंडळी घरोघरी जातात. आमच्या घरी येतील तेव्हा एक मराठी गीत व्हावं असं नवऱ्यानेच क्वायरमध्ये सुचवलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. पण लिपी एकच असल्याने कागद हातात पडताच सगळे वाचायला लागले. आणि पहिल्याच ओळीत अडकले.

नाताळचं गीत म्हटल्यावर त्यात ‘बाळ’ येणारच. छत्तीसगडी जिभेला ‘ळ’ माहीत नाही. सगळीकडे ‘बाल’. हिंदीत त्याचा अर्थ मूल होतो तसा केसही होतो. गव्हाणीत केस निजलेत असं काहीतरी ऐकू यायला लागलं. मी हसले, मग ते हसले, आणि तालीम संपली.

पण हे भिलाई आहे. 1950 च्या दशकात रशियनांच्या मदतीने पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरातून माणसं इथे राहायला आली. आमच्या क्वायरमध्ये एक केरळचे काका आहेत, एक तेलुगू मुलगी, एक ओडिया आंटी. यांच्या तिघांच्याही भाषांमध्ये ळ आहे! पुढच्या शनिवारी काकांनी ‘बाळ’ म्हटलं आणि मला नगरच्या चर्चमधले आमचे जुने पाळक आठवले, इतका स्वच्छ. काही जणांना मराठीचे दोन ‘च’ जमले नाहीत, त्यावर आम्ही पाणी सोडलं. ळ मात्र हवाच होता. मग चार शनिवार आमच्या पुढच्या खोलीत शिकवणी चालली. मल्याळी काका शिकवतायत, हिंदी टेनर शिकतायत, मी पेटीवर. जीभ मागे वळवून टाळूला लावा, आणि सोडा. लावा, आणि सोडा. नवरा आंघोळीला गेला तरी आतून ‘ळ ळ ळ’ ऐकू येई. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना?

एक मान्य करायला हवं. ते गीत क्वायरने आईला ओळखीचं वाटेल तसं म्हटलं नाही. काकांनी खाली हळूच बास जोडला, तेलुगू मुलीने दुसऱ्या ओळीला वरचा सूर धरला. मी थांबवणार होते. टिळकांनी चार आवाजांतून सोडवून आणलेला अभंग मी परत तिथेच नेत होते की काय! पण तोवर झांज हातात घेतलेल्या ओडिया आंटी इतक्या रंगल्या होत्या की कुणी माझं ऐकलं नसतं.

कॅरलच्या रात्री मोबाइल पुन्हा टीव्हीला टेकवला. या वेळी आई नुसती बघत नव्हती, तिकडून गात होती. नेटवर्कमुळे ती आमच्यापेक्षा अर्धी ओळ मागे, त्यामुळे आमचं संपलं तरी नगरहून शेवटचे शब्द येतच राहिले. सगळे थांबले. आईचं पूर्ण होईपर्यंत कुणी हललं नाही.

मग चहा, केक, डोंगळ्यांसारखी पसरलेली माणसं, चपलांचा ढीग. सगळे गेल्यावर मी मोबाइल उचलला.

“ते ‘बाळ’ इतकं छान म्हणणारे कोण गं? आपल्याकडचेच का?”

“नाही गं. केरळचे काका आहेत.”

“अगं बाई! आणि शेवटपर्यंत ‘बाल’ म्हणणारा कोण होता?”

“तुझा जावई.”