आधी तालमीला जागा द्या

नाटकावर बंदी आली की आम्ही नाटकवाले रस्त्यावर उतरतो, आणि उतरायलाच हवं. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ अडवलं गेलं, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी कोर्टात जाऊन ते सोडवून आणलं नसतं, तर ते नाटक नुसतं पुस्तकाच्या कपाटात राहिलं असतं. संहिता आधी सरकारी परीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याची सक्ती मलाही जाचते. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला हायकोर्टात आव्हान दिलं, ते योग्यच केलं. पण बंदी घालायलासुद्धा आधी नाटक उभं राहावं लागतं. जागेअभावी जी उभीच राहत नाहीत, त्यांच्यासाठी निषेधाचं पत्रक कोण काढतं?

आमचा ग्रुप नोकरदारांचा. कुणी बँकेत, कुणी औषध कंपनीत, दोघी कॉलेजात. सगळे जमेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. मागचं नाटक मी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसवलं. दोन स्कूटरींवर फळी टाकली की झाला पलंग. नाटकात मुलगी बापावर किंचाळते. पहिल्याच तालमीला वरून एक बाई म्हणाल्या, ‘‘अहो, बाळ आत्ताच झोपलंय.’’ त्यांचं काय चुकलं? मग ती वाक्यं आम्ही कुजबुजत बसवली. प्रयोगाच्या दिवशी मुलगी रंगमंचावर उभी राहिली, पण आवाज पार्किंगमधलाच निघाला. चौथ्या रांगेलाही तो पोचला नसेल. संहिता मंजूर होती, तिच्यातल्या एका शब्दालाही कात्री लागली नव्हती.

जागा मिळाली की काय घडतं, ते बघा: ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी तिथे जे उभं केलं, त्याला आपण आज ‘छबिलदास चळवळ’ म्हणतो. होता तो शाळेचा साधा हॉल. प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर. थिएटरचा थाट नव्हता, म्हणून मांडणीही वेगळी सुचायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे नाटक पडलं तरी परवडायचं. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरलं की तिकीटविक्रीची धास्ती बसते. मग दिग्दर्शक स्वतःच अवघड प्रवेश गाळतो, दोन विनोद वाढवतो. माझ्या हातूनही ते होतं. फसण्याची ऐपत नसेल, तर राज्यघटनेतल्या एकोणिसाव्या कलमाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलावंताने करायचं काय?

उपाय फार खर्चाचा नाही. बहुतेक शहरांत पालिकेच्या शाळा आहेत, अनेकींना हॉलही आहे, आणि संध्याकाळनंतर बहुतेकींना कुलूप लागतं. आजवर मी चौकशी केली की उत्तरं ठरलेली: विजेचं बिल कोण भरणार, शिपाई किती वेळ थांबणार, सकाळी वर्ग घाण मिळाला तर? रास्त प्रश्न आहेत. बिल आम्ही भरू, शिपायाचा ओव्हरटाइम देऊ, अनामत ठेवू. झाडू मारणं तर प्रायोगिक नाटकवाल्याला नवीन नाही. आमच्याकडे नायकच नेपथ्य उचलतो आणि दिग्दर्शक चहाचे कप विसळतो. जे रक्कम बुडवतील किंवा बाक मोडतील, त्यांना पुन्हा हॉल देऊ नका.

नव्या नाट्यगृहाच्या भूमिपूजनाला नेते हौसेने येतात, दगडावर नाव कोरलं जातं. तालमीच्या हॉलला कोनशिला नसते, म्हणून बहुधा त्याचा विषयच निघत नाही. तो आपण मतदारांनी काढावा. प्रत्येक प्रभागात पालिकेची एक शाळा, रात्री आठ ते साडेदहा, परवडेल अशा भाड्याने. तिथे काय बोलायचं ते आम्ही ठरवू. कुणाला झोंबलंच, तर भांडायला कोर्ट आहे.