धर्मादायाचा ताळेबंद आणि सेवकाचा पगार

धर्मादाय संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला की आपल्यापैकी बहुतेकजण अध्यक्षांचे मनोगत चाळतात, देणगीदारांची यादी वाचतात आणि शेवटची, बारीक टाइपातील पाने न उघडताच अहवाल बाजूला ठेवतात. संस्थेचे खरे चरित्र मात्र त्या शेवटच्या पानांतच लिहिलेले असते. समाजवादी चळवळीतील कितीतरी माणसे शाळा, वसतिगृहे, दवाखाने, ग्रंथालये यांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, आणि त्यांहून अधिक माणसे अशा संस्थांत नोकरीस आहेत. हिशेब म्हणजे हिशेबतपासनिसाची बाब असे म्हणून मोकळे होणे आपल्याला शोभणारे नाही.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने महाराष्ट्रातील या संस्था धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणल्या. हिशेब नियमित ठेवावेत, दरवर्षी ते तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत कळवावे, स्थावर मालमत्ता पूर्वपरवानगीवाचून विकू नये, इमारत तीन वर्षांपेक्षा किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्यापट्ट्याने देऊ नये, अशी बंधने त्यात आहेत. हिशेबतपासनिसानेही केवळ बेरजा जुळवायच्या नाहीत. अनियमित, बेकायदा वा अनुचित खर्च आढळल्यास तसा शेरा मारणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. आयकर खाते आपल्या परीने आणखी विचारते. उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के उद्दिष्टांवर खर्च झाले काय? विश्वस्तांच्या आप्तेष्टांना अवाजवी पगार तर दिले गेले नाहीत ना?

हे सर्व आवश्यकच आहे. परंतु या प्रश्नांचा रोख कोणीकडे आहे ते पाहावे. पैसा आला कोठून, तो भलत्याच खिशात गेला काय, जमीन कोणी लाटली काय, एवढीच चौकशी येथे होते. पगार वाजवीपेक्षा अधिक असल्यास करसवलत धोक्यात येते. तो वाजवीपेक्षा कमी असल्यास यांपैकी कोणताही कागद तक्रार करीत नाही. उलट तसा कमी पगार संस्थेच्या गौरवाचा विषय होतो.

तो कसा होतो, हे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात दिसते. कायद्याच्या नियमांनी ठरविलेल्या परिशिष्ट नऊमध्ये ‘आस्थापना खर्च’ एका जागी आणि ‘संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ दुसऱ्या जागी दाखवावा लागतो. आता दवाखान्यातील परिचारिकेचा पगार कोठे लिहावा? ती रुग्णाची शुश्रूषा करते म्हणून वैद्यकीय मदतीत, की ती पगारी नोकर म्हणून आस्थापनेत? आणि औषधांची नोंद ठेवणारा कारकून? लेखणी कोणत्या ओळीवर टेकते यावर संस्था काटकसरी ठरते की उधळी. देणगीदार मात्र एकच आकडा विचारतो, की व्यवस्थापनावर किती टक्के जातात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. नियमांत डॉक्टर व शिक्षक यांचे पगार या मर्यादेतून वगळलेले आहेत. हिशेबनिसाला ते भाग्य नाही. एकीकडे कागदपत्रांची अपेक्षा वाढवायची आणि दुसरीकडे कागद लिहिणाऱ्याचा पगार म्हणजे अपव्यय मानायचा, यात कोणता न्याय आहे?

या कोंडीतून संस्थाचालकांनी काढलेली वाट म्हणजे ‘मानधन’. मोठा सोज्ज्वळ शब्द! दहा-दहा वर्षे रोज आठ तास राबणाऱ्या ग्रंथपालाला वा स्वयंपाकिणीला मानधन दिले की भविष्यनिर्वाह निधी नको, उपदान नको, रजा नको. मान किती आणि धन किती, हे त्या माणसालाच ठाऊक. वस्तुतः नाव बदलल्याने वेतनाचे वेतनपण जात नाही. थकलेले पगार पाहायचे असतील तर ताळेबंदाच्या देणे बाजूला ‘खर्चापोटी देणे’ या निरुपद्रवी ओळीकडे पाहावे. तो आकडा दरवर्षी फुगत असेल तर संस्था आपल्याच नोकरांकडून बिनव्याजी कर्ज काढीत आहे असे खुशाल समजावे.

यावर त्यागाच्या परंपरेचा दाखला हमखास दिला जातो. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर राहिले, हे खरेच आहे. परंतु ते सदस्य होते; संस्थेच्या कारभारात त्यांना मत होते. त्यागाची मर्यादा कोणती आणि बाहेरची कामे घ्यावीत की नाही, यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले आणि त्याच वादांतून १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले. आजच्या कंत्राटी सेवकाकडून त्याग तेवढा मागितला जातो, मत मात्र नाही. स्वेच्छेने घेतलेले व्रत आणि लादलेली उपासमार यांना एकच नाव देणे ही शुद्ध फसवणूक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा भेद फार स्वच्छपणे ओळखला होता. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की जेथे माणसे वेतनासाठी नव्हे तर ध्येयासाठी एकत्र येऊन काम करतात ती संस्था वेगळी. पण इतर मालकांप्रमाणेच पगारी नोकर ठेवून सेवा चालविणारी धर्मादाय संस्था हा कामगार कायद्याच्या दृष्टीने उद्योगच होय. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही रेघ पुसली. मुख्यतः धर्मादाय वा समाजसेवेचे कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतूनच वगळण्यात आल्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. आपल्या छावणीतून याविरुद्ध फारसा आवाज उठला नाही. आपणही अनेक ठिकाणी मालक आहोत, हे त्याचे कारण नसावे अशी आशा करू.

लाभार्थ्यांच्या बाबतीत कायद्याने आकडे ठरवून दिले, तेव्हा काहीतरी हाती लागले. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्यात, बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केली. तिची अंमलबजावणी लंगडी आहे. पण आकडा असल्यामुळे कार्यकर्ता रुग्णालयाच्या दारात उभा राहून शिल्लक विचारू शकतो. सेवकांसाठी असा आकडाच नाही. संस्थेशी ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, हे १९५० च्या कायद्याने सांगितले आहे. त्यात सभासद आहे, भक्त आहे, शिष्य आहे, विश्वस्त आहे, लाभार्थी आहे. कर्मचाऱ्याचे नाव त्यात नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपले कार्यकर्ते जेथे विश्वस्त आहेत तेथे, येत्या वार्षिक सभेपासूनच, अहवालात चार ओळी अधिक छापण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही: कायम, कंत्राटी आणि मानधनावरचे सेवक किती, सर्वांत कमी व सर्वांत अधिक पगार कोणता, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा कोणत्या महिन्यापर्यंत झाला, पगाराची थकबाकी किती. आणि हा अहवाल देणगीदारांकडे पाठविण्यापूर्वी त्याची एक प्रत सेवकांच्या खोलीत लावावी.