युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेखाली लघु पोलाद-प्रक्रिया उद्योगांना उत्सर्जनाची माहिती व पडताळणी उपलब्ध करून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. केंद्रीय पोलाद मंत्री, मा. उद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

महाराष्ट्रातील पोलादावर प्रक्रिया करणाऱ्या लघु व मध्यम निर्यातदारांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, जिला व्यापारी बोलण्यात ‘सीबॅम’ म्हणतात, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली असून, तिच्यामुळे या उद्योगांपुढे उभ्या राहिलेल्या अडचणींकडे शासनाचे लक्ष वेधणे हा निवेदनाचा हेतू आहे. ही यंत्रणा न्याय्य आहे की नाही, हा वाद येथे मांडलेला नाही. हवामानविषयक १९९२ च्या आराखडा करारातील ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ या तत्त्वाशी ती विसंगत असल्याचा आक्षेप भारताने वेळोवेळी घेतला आहे, आणि रशियाने मे २०२५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तिच्याविरुद्ध रीतसर तक्रारही नेली आहे. तथापि त्या संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्याने अशा तंट्याचा निर्णायक निकाल नजीकच्या काळात लागण्याची चिन्हे नाहीत, आणि तोवर कारखान्यांनी माल थांबवून ठेवावा असे कोणीही म्हणणार नाही.

यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात असे. युरोपीय संघातील जड उद्योगांना २००५ पासून उत्सर्जन-व्यापार पद्धतीखाली हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रत्येक टनामागे एक परवाना जमा करावा लागतो. हे परवाने लिलावात विकले जातात, मात्र परदेशी स्पर्धेला कंटाळून कारखान्यांनी स्थलांतर करू नये म्हणून पोलादासारख्या उद्योगांना त्यांपैकी बरेचसे आजवर मोफत मिळत आले. ही मोफत वाटणी २०२६ पासून टप्प्याटप्प्याने घटून २०३४ मध्ये संपणार असल्याने, बाहेरून येणाऱ्या मालावरही तसाच भार पडावा या हेतूने २०२३ चा ९५६ क्रमांकाचा विनियम करण्यात आला. त्यानुसार लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा गटांतील मालाच्या युरोपीय आयातदाराने मालातील ‘अंतर्भूत उत्सर्जना’च्या, म्हणजे तो माल आणि त्यासाठीचा कच्चा माल बनवताना झालेल्या उत्सर्जनाच्या हिशेबाने प्रमाणपत्रे विकत घेऊन जमा करावयाची आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत केवळ तिमाही अहवाल द्यावे लागत होते; आता २०२६ मध्ये उतरलेल्या मालासाठीची प्रमाणपत्रे १ फेब्रुवारी २०२७ पासून विक्रीस येतील आणि त्या वर्षाचे विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत दाखल करावे लागेल.

पहिल्या वर्षी भार २.५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के आणि २०३० मध्ये ४८.५ टक्के असा तो हळूहळू चढणार असल्याने घाई करण्याचे कारण नाही, असा समज व्यापारी वर्तुळात पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. ही टक्केवारी ‘मानांका’पुरतीच लागू होते, मानांक म्हणजे युरोपने त्या त्या उत्पादनमार्गासाठी ठरवलेली, मोफत वाटणीला आधार असलेली उत्सर्जनाची पातळी. त्या पातळीपर्यंत वजावट मिळते, तिच्यावर गेलेल्या प्रत्येक टनाची पूर्ण किंमत मात्र पहिल्याच वर्षापासून मोजावी लागते. शिवाय प्रत्यक्ष उत्सर्जन पुराव्याने दाखवता आले नाही, तर युरोपीय आयोगाने त्या देशासाठी जाहीर केलेले ‘गृहीत मूल्य’ लागू होते, ज्यावर पोलादाच्या बाबतीत २०२६ साठी १०, २०२७ साठी २० आणि २०२८ पासून ३० टक्क्यांची चढ आहे. प्रमाणपत्राचा दर केवळ हिशेबासाठी ७५ युरो धरला आणि गृहीत मूल्य प्रत्यक्ष उत्सर्जनापेक्षा मालाच्या टनामागे २ टनांनी जास्त निघाले, तर २० टन मालाच्या एका कंटेनरवर ३,००० युरोंचा फरक पडतो. नटबोल्टच्या धंद्यातील नफ्याचे प्रमाण पाहता एवढ्या फरकाने ऑर्डर हातची जाते.

हे गृहीत मूल्य लघुउद्योगाच्या माथी कसे बसते, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. भोसरी, सातपूर किंवा वाळूज येथील नटबोल्ट बनवणारा कारखाना वायर रॉडची कॉइल बहुधा थेट पोलाद कंपनीकडून न घेता व्यापाऱ्याकडून घेतो. ती ओढून, हेडिंग यंत्रावर ठोकून व आटे पाडून झाल्यावर माल हीट ट्रीटमेंटसाठी एका जॉबवर्कवाल्याकडे आणि प्लेटिंगसाठी दुसऱ्याकडे चलनावर जातो. तयार बोल्टमधील उत्सर्जनाचा फार मोठा भाग मूळ वायर रॉडमध्ये असतो, कारखान्याच्या स्वतःच्या भट्टीत जळणारा गॅस त्या मानाने किरकोळ ठरतो. व्यापाऱ्याने कॉइलसोबत दिलेल्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर असतो, मँगेनीज, गंधक व फॉस्फरसची टक्केवारी असते, ताणबल असते. ते पोलाद बनवताना किती टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला, याचा उल्लेख नसतो. पोलाद कंपनीने पडताळून दिलेला आकडा हाती नसेल, तर बोल्टवाल्याने आपल्या कारखान्यातील प्रत्येक सिलिंडरची नोंद चोख ठेवली तरी कच्च्या मालासाठी गृहीत मूल्यच धरले जाते. म्हणजे जी माहिती या कारखान्याच्या हातात कधीच नव्हती, तिच्या अभावाची किंमत त्याने मोजावयाची.

यातील अन्याय भंगारापासून बनलेल्या पोलादाच्या बाबतीत अधिक ठळक होतो. सीबॅमखाली पोलादासाठी सध्या केवळ प्रत्यक्ष उत्सर्जन मोजले जाते. भट्टीला लागणाऱ्या विजेचे उत्सर्जन धरले जात नाही आणि भंगाराचे उत्सर्जन शून्य मानले जाते. त्यामुळे इंडक्शन भट्टीत प्रामुख्याने भंगार वितळवून काढलेले पोलाद या मोजणीत कोळशावरच्या झोतभट्टीतील पोलादाच्या मानाने फारच हलके ठरते, आणि स्पंज आयर्नचे प्रमाण वाढत जाईल तसे ते जड होते. जालन्यासारख्या ठिकाणी इंडक्शन भट्ट्यांचा पोलाद उद्योग उभा असलेल्या महाराष्ट्राला ही खरे तर अनुकूल बाब आहे. परंतु गृहीत मूल्य देशपातळीवर ठरत असल्याने भंगारातून आलेला आणि कोळशातून आलेला माल एकाच आकड्याखाली जातो.

युरोपने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेल्या सुलभीकरणामुळे वर्षाला ५० टनांपर्यंतच्या आयातीला सूट मिळाली, त्यामुळे लहान निर्यातदार सुटले, असे सांगितले जाते. ही सूट आयातदारामागे आहे, निर्यातदारामागे नाही. वर्षभरात जेमतेम एक कंटेनर पाठवणाऱ्या कारखान्याचा खरेदीदार इतर देशांतूनही असा माल घेत असेल आणि त्याची एकूण आयात ५० टनांच्या पुढे जात असेल, तर त्या एका कंटेनरलाही सूट नाही. सुटलेले आहेत ते युरोपातील छोटे आयातदार.

कोणता माल यात येतो, हेही पुष्कळांना उमगलेले नाही. सीमाशुल्क वर्गीकरणातील ७३०७ या शीर्षाखालील पाइप-फिटिंग, ७३१८ खालील नटबोल्ट आणि ७३२६ खालील पोलादाच्या इतर वस्तू यादीत आहेत, तर ७३२५ खालील ओतीव वस्तू मूळ यादीत नाहीत. परिणामी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एकाच फाउंड्रीतून निघालेल्या दोन कास्टिंगपैकी एकाला हिशेब लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. ही सवलत कायमची मानणे चूक ठरेल, कारण युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये पोलाद व ॲल्युमिनियमचा मोठा वाटा असलेली सुमारे १८० उत्पादने २०२८ पासून यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे. ब्रिटनची स्वतंत्र कार्बन सीमा आकारणी १ जानेवारी २०२७ पासून सुरू होत असून तिची सूटमर्यादा वजनावर नव्हे, तर १२ महिन्यांतील ५०,००० पौंडांच्या मूल्यावर आधारलेली आहे.

या पार्श्वभूमीवर सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, देशातील पोलाद उत्पादकांना प्रत्येक मिल टेस्ट सर्टिफिकेटसोबत सीबॅमच्या पद्धतीने मोजलेला व पडताळलेला टनामागील उत्सर्जनाचा आकडा देणे बंधनकारक करण्यात यावे, आणि माल व्यापाऱ्यामार्फत विकला गेला तरी हीट नंबरच्या आधारे तो आकडा शेवटच्या खरेदीदारापर्यंत पोहोचेल अशी तजवीज व्हावी. पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी जाहीर केलेली हरित पोलादाची वर्गवारी, जिच्यानुसार तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असल्यास तारांकन मिळते, ही या दिशेने टाकलेली स्वागतार्ह पायरी आहे; परंतु तीत विजेचे उत्सर्जनही मोजले जात असल्याने तिचा आकडा युरोपात जसाच्या तसा चालत नाही. मोजणी एकदा होणारच आहे, तर त्याच प्रमाणपत्रावर दुसऱ्या रकान्यात सीबॅमचा आकडा छापण्यास फार खर्च येऊ नये. बड्या कंपन्या स्वतःच्या निर्यातीसाठी हा आकडा काढतातच. तो देशांतर्गत ग्राहकाला देण्याची सक्ती तेवढी नाही. व्यापारी गुपिताचा आक्षेप येथे टिकत नाही, कारण मागितली जात आहे ती अंतिम संख्या, भट्टीतील मिश्रण नव्हे.

दुसरी मागणी पडताळणीची. प्रत्यक्ष उत्सर्जनाचा आकडा ग्राह्य धरण्यासाठी युरोपीय व्यवस्थेत अधिस्वीकृती मिळालेल्या संस्थेने तो पडताळावा लागतो आणि पहिल्या वर्षी तिच्या प्रतिनिधीने कारखान्यात प्रत्यक्ष यावे लागते. परदेशी तज्ज्ञाचे शुल्क, प्रवास व मुक्काम यांचा खर्च वर्षाला दोन कंटेनर पाठवणाऱ्या कारखान्याला झेपणारा नाही. भारत व युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २७ जानेवारी २०२६ रोजी पूर्ण झाल्याचे जाहीर होताना, इतर कोणत्याही देशाला सीबॅमखाली मिळणारी लवचीकता भारतालाही लागू होईल, तसेच पडताळणी संस्था व कार्बन किंमत यांच्या मान्यतेबाबत तांत्रिक सहकार्य होईल, असे आश्वासन मिळाल्याचे शासनाने सांगितले आहे. त्या आश्वासनाला कालमर्यादा जोडून घ्यावी, भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अधिस्वीकृती मंडळाने मान्य केलेल्या संस्थांची पडताळणी युरोपात ग्राह्य धरली जाईल असा करार करावा, आणि तो होईपर्यंत एकाच औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची पडताळणी एका फेरीत व सामाईक खर्चात करून घेण्याची सोय महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मदतीने उभारावी. निर्यात प्रोत्साहन अभियानासाठी मंजूर झालेल्या २५,०६० कोटी रुपयांतून ‘निर्यात दिशा’ या उपयोजनेखाली प्रमाणन व अनुपालनास साहाय्य मिळू शकते. सीबॅम पडताळणीचे शुल्क तेथे स्पष्ट शब्दांत पात्र खर्च म्हणून नमूद करावे.

मूळ देशात भरलेली कार्बन किंमत प्रमाणपत्रांच्या संख्येतून वजा करण्याची तरतूद विनियमात आहे. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तीत कारखान्याला उत्पादनाच्या टनामागील उत्सर्जनाचे लक्ष्य दिले जाते आणि ते चुकल्यास तुटीइतकी क्रेडिट प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. पुढे पोलाद कारखान्याने अशी किंमत भरली, तरी वजावटीचा पुरावा त्याच्याकडेच राहणार आणि माल मात्र बोल्टवाला निर्यात करणार. किमतीचा हा पुरावाही मालासोबत पुढे सरकला पाहिजे. युरोपला द्यावा लागणारा पैसा देशातच राहावा म्हणून निर्यातीवर देशांतर्गत कर बसवावा, अशीही सूचना अधूनमधून पुढे येते. ज्याच्याकडे मोजणीच नाही त्याच्याकडून आधी कर घेण्याच्या या कल्पनेला निवेदनकर्त्यांचा विरोध आहे.

आणखी एक बाब करारांची. सीबॅमचा जो काही खर्च येईल तो विक्रेत्याच्या बिलातून कापून घेण्याची अट युरोपीय खरेदीदार आता ऑर्डरमध्येच घालू लागले आहेत, आणि ती वाचून सही करण्यापलीकडे लहान कारखानदाराला फारसा पर्याय नसतो. अभियांत्रिकी निर्यात प्रोत्साहन परिषदेने कायदेतज्ज्ञांकडून एक नमुना कलम तयार करून घ्यावे, ज्यात गृहीत मूल्यावर कापलेली रक्कम पडताळलेला आकडा सादर झाल्यावर परत करण्याची मुदत नमूद असेल. युरोपीय नोंदवहीत परदेशी कारखान्याला स्वतः नोंदणी करून आपली माहिती एकाच वेळी अनेक आयातदारांना दाखवण्याची सोय आहे. तिची माहिती, मोजणीचे नमुना तक्ते व मालाच्या शीर्षांची यादी मराठीत छापून जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत वाटण्यात यावी.

२०२६ चा माल बोटीवर चढतो आहे आणि त्याचा हिशेब याच वर्षातील नोंदींवरून होणार आहे. डिझेल, गॅस व कच्च्या मालाच्या ज्या नोंदी वेळच्या वेळी ठेवल्या गेल्या नाहीत, त्या पुढील वर्षी तयार करता येणार नाहीत. म्हणून वाणिज्य व पोलाद या दोन्ही मंत्रालयांचे अधिकारी, पोलाद उत्पादक आणि लघुउद्योगांचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक तातडीने बोलवावी, आणि मिल टेस्ट सर्टिफिकेटवरील उत्सर्जनाच्या आकड्याबाबतचा आदेश विवरणपत्राच्या मुदतीची वाट न पाहता काढावा, अशी नम्र विनंती आहे.

आपले विश्वासू,
पोलाद-प्रक्रिया क्षेत्रातील लघु व मध्यम निर्यातदार, महाराष्ट्र