४ कोटी २० लाखांची गाडी, छत मात्र कापडाचं! मायबाख एसएलमध्ये असं आहे तरी काय?

चाकणमधून कारभार चालवणाऱ्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने मार्च २०२५ मध्ये 'मायबाख एसएल ६८० मोनोग्राम सिरीज' भारतात आणली. एक्स-शोरूम किंमत ४ कोटी २० लाख, देशासाठी सुरुवातीला फक्त तीन गाड्या. मायबाख एस-क्लास चाकणला जोडली जाते, ही मात्र परदेशातून तयार होऊनच येते. सीट किती? दोन. मूळ एसएलमधल्या मागच्या छोट्या सीटही मायबाखने काढून टाकल्या.

कापडी छत का?

खरं इंजिनिअरिंग इथेच आहे. बुटांच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोका हाताने पिळून बघा, लगेच वाकडा होतो. गाडीचंही तसंच. छत नसलं की तळ, दारांखालचा भाग आणि पुढच्या काचेची चौकट जास्त मजबूत करावी लागते. त्यात वजन वाढतं. आधीच्या एसएलचं छत धातूचं होतं. कापडामुळे २१ किलो वाचले, तेही सर्वात वरचे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आला. हे छत साधारण १५ सेकंदांत उघडतं, ताशी ६० किमीपर्यंत चालत्या गाडीतही. गाडी उलटायची वेळ आलीच, तर सीटमागचा रोल-बार क्षणात वर येतो.

इंजिन ४ लिटरचं व्ही८, ५८५ एचपी, शून्य ते शंभर ४.१ सेकंदांत. पण एएमजी एसएलची गुरगुर इथे दाबलीय, सस्पेन्शनही मऊ केलंय. ताकद आहे, पण ओरडून सांगायची नाही, हे मला आवडलं. मग बॉनेटभर लोगोची नक्षी कशाला? पैठणीचा काठच अंगभर पसरल्यासारखं दिसतं.

पुण्यात छत उघडणार कधी, हा प्रश्न आहेच. मेमध्ये ऊन, जुलैत पाऊस, उरलेले दिवस धूळ. उरते लोणावळ्याकडची डिसेंबरची पहाट. तरी आकर्षण कळतं. बाकी महागड्या गाड्यांचे मालक काळ्या काचेआड बसतात, इथे माणूस दिसतो.

आणि कर?

महाराष्ट्रात ८ लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीचा १३ टक्के दर या मायबाखला धरला, तरी कर ५४ लाखांवर जातो. पण कराला कमाल मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख झाली. म्हणजे इथे कर जेमतेम ७ टक्के. पहिल्या पगारावर हॅचबॅक घेणारा टक्केवारीत जास्त भरतो.

मर्यादा काढली तर लोक दुसऱ्या राज्याचा नंबर घेतील, असं म्हटलं जातं. पण मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातला नंबर इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि राज्यात अशा गाड्या आहेत तरी किती? शोधायला आरटीओला एक दुपार पुरेल.