गढूळ पाण्याची नोंद

पेणच्या शाखेत मी शेतीकर्जाचे टेबल सांभाळत होतो, तेव्हा खारेपाटात वरचेवर जावे लागे. धरमतर खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध हेच आमच्या कर्जांचे खरे तारण. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत येते आणि मग शेत लवकर सुधारत नाही. एकदा ऐन भरतीच्या वेळी एक वयस्क शेतकरी मला बांधावरून नेत होते. आतल्या बाजूला तळाशी पाणी पाझरताना पाहून मी दचकलो. त्यांनी ते ओंजळीत घेतले, उजेडात धरले आणि म्हणाले, "साहेब, निवल हाय तवर भिवाचा नाय. गढूल आला का समजाचा, बांध आतून चालला."

खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाचेही हेच आहे. गोव्यात त्याला सगळे डंप म्हणतात. एक टन लोहखनिजासाठी तिथे साधारण अडीच-तीन टन दगडमाती बाजूला टाकावी लागते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत त्यामुळे माणसाने रचलेल्या टेकड्याच उभ्या राहिल्या. असा ढीग टिकतो तो त्यातले कण एकमेकांना धरून असतात म्हणून. आत पाणी तुंबून त्याचा दाब वाढला की ती पकड सुटते. म्हणून ढिगात नळ्या रोवून पाण्याची पातळी मोजतात. पायथ्याच्या चरात खाच पाडलेली फळी बसवून पाझर किती येतो, कसा येतो ते पाहतात. माथ्यावर भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजतात. पाझर गढूळ झाला तर आतली माती वाहून चालली आहे असे समजावे. भर पावसात तो एकाएकी आटला तरी निर्धास्त होऊ नये. ते पाणी आत कुठेतरी अडलेले असू शकते. भेग रोज दोन मिलिमीटर रुंदावते तोवर विचाराला वेळ असतो. दोनाचे चार, चाराचे नऊ होऊ लागले की खालची घरे रिकामी करायची. चक्रवाढ व्याज कळणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

मोजणे अवघड नाही. वेल्समधल्या ॲबरफॅन गावामागे कोळसा खाणीचे ढीग होते. त्यांतला सातवा १९५८ पासून चक्क झऱ्यावर रचला गेला, आणि झरा नकाशात दाखवलेला होता. शाळेमागच्या या ढिगाचा धोका स्थानिक अभियंत्याने १९६३ मध्ये लेखी कळवलाही होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी ढिगावरच्या कामगारांना माथा खचलेला दिसला. वर टेलिफोन चालू नव्हता, म्हणून एका माणसाला निरोप घेऊन खाली धाडले. सव्वानऊच्या सुमारास ढीग शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले होती.

हे साहेबाच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. धरण गळते आहे ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला! खेकडे बांध पोखरतात हे खारेपाटातले पोरही जाणते. म्हणून तर तिथे बांधावर फेरी मारतात. पेणशेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

आता जुने डंप उपसून त्यांतले कमी प्रतीचे खनिज विकण्याचे धोरण गोवा सरकारने आखले आहे. वर्षानुवर्षे बसलेल्या ढिगाचा पायथा उकरला की त्याचा सारा तोल बदलतो. इकडे पेणपासून रोह्यापर्यंत दगडखाणींनी आणि रस्त्यांच्या कामांनी डोंगर कापले आहेत, त्यांची माती उतारावरच पडते. अशा प्रत्येक ढिगाखाली खुंट्या आणि फळी असावी, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागावेत, आणि आकडा वाढला तर काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला असावा. तो वरून परवानगी येण्याची वाट पाहत बसला तर मोजून उपयोग काय?

त्या दिवशीच्या तपासणी अहवालात मी बांधाची लांबी लिहिली, पिकाचा अंदाज लिहिला, कर्जदाराची सही घेतली. पाझराबद्दल काही लिहिले नाही. छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता.