जुन्या मोटारीच्या चित्रीकरणाला घाटात जागा हवी

१९७४ साली पहिली नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनी आता कायद्याच्या दृष्टीने ‘विंटेज’ ठरू शकते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि व्यवसायासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. विंटेज मोटार म्हटले की डोळ्यांसमोर संस्थानिकांची रोल्स रॉइस येते. पण वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, दादर-गिरगावातल्या कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला नेणारी गाडीही आता त्याच रांगेत आली आहे. वारसा सामान्य घरांच्या दारापर्यंत पोहोचला, ही चांगली गोष्ट झाली. या गाड्या धावताना चित्रित व्हाव्यात, त्यांच्यावर माहितीपट निघावेत, चित्रपटांत त्या सन्मानाने वावराव्यात, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यासाठी लोणावळा-मावळाइतका योग्य मुलूख दुसरा नाही.

याचे कारण केवळ निसर्गशोभा नाही. मुंबई-पुणे प्रवासाचा सारा इतिहास बोरघाटाच्या अंगावर आहे. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात हा घाट चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला, १८६३ मध्ये येथून रेल्वे गेली आणि या शतकाच्या आरंभी द्रुतगती मार्ग आला. खोपोली ते लोणावळा ही साडेपाचशे मीटरच्या आसपासची चढण, तीही जेमतेम पंधराएक किलोमीटरमध्ये. जुन्या गाड्यांची खरी परीक्षा इथेच होत असे. बंपरला पाण्याची कॅनव्हासची पिशवी टांगलेली, खंडाळ्यापाशी बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, शिंग्रोबाच्या देवळापाशी हात जोडून पुढे जाणारे चालक, हे दृश्य पन्नाशी-साठीतल्या अनेक वाचकांनी पाहिले असेल. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर अशी शिंग्रोबाची आख्यायिका आहे. त्या वाटेवरचा अमृतांजन पूल एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत सुरुंग लावून पाडला गेला. वाहतुकीच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. पण पूल गेल्यावर मागे उरली ती त्याची छायाचित्रे आणि चित्रफिती. रस्ते बदलतात, पूल पडतात, गाड्या भंगारात जातात. म्हणून गाडी आणि रस्ता यांची एकत्र नोंद वेळेत व्हायला हवी.

आणि चित्रांचे काम मावळ तालुक्याला नवे नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९९च्या सुमारास मळवलीला आला आणि घराघरांतल्या भिंतींवरच्या देवादिकांच्या तसबिरी तिथे छापल्या गेल्या. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी लोणावळ्यात छपाईचा उद्योग मांडला होता. चित्रीकरणाच्या परवानग्या देणारी राज्याची यंत्रणा आज ज्या गोरेगावच्या चित्रनगरीत आहे, तिला त्यांचेच नाव आहे.

आता अडचणींकडे वळू. पहिली अडचण यंत्राची आहे आणि ती ठाऊक नसलेली माणसे चित्रीकरणाचा बेत आखतात तेव्हा अपघात घडू शकतो. जुन्या मोटारीला ड्रम ब्रेक असतात. उतारावर ते पुन्हा पुन्हा दाबले की तापतात आणि धरेनासे होतात. तिसाव्या दशकातल्या अनेक गाड्यांचे ब्रेक तर सळ्यांनी किंवा तारांनी ओढले जात. फोर्डने तेलाच्या दाबावरचे ब्रेक स्वीकारले तेच मुळी १९३९ च्या मॉडेलपासून. त्यामुळे उतार उतरायचा तो खालच्या गिअरमध्ये, आणि गिअर पाडायचा तर डबल क्लच मारावा लागतो. ज्याला ही सवय नाही त्याने अशी गाडी घाटात चालवू नये, मग तो चित्रपटाचा नायक का असेना. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलची टाकी सीटखाली असे आणि इंधन केवळ उताराने इंजिनात येई. त्यामुळे फार तीव्र चढावर ती गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवीत. पावसात आणखी एक संकट उभे राहते. जुने वायपर इंजिनातल्या पोकळीच्या ओढीवर चालत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते आणि नेमक्या धुक्यातल्या वळणावर वायपर मंदावतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्यांना आणि कॉर्कच्या गॅस्केटांना ते सोसत नाही.

चित्रीकरणात हे सारे दुपटीने जाणवते. सहलीला निघालेली गाडी घाट एकदा चढते. पडद्यावर वीस सेकंद दिसणाऱ्या एका दृश्यासाठी मात्र तोच चढ पुन्हा पुन्हा चढावा लागतो, अरुंद रस्त्यावर गाडी वळवून परत आणावी लागते आणि दोन टेकच्या मधे इंजिन चालू ठेवून थांबावे लागते. वाऱ्याअभावी रेडिएटर उकळतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच बंद पडते. मागे वाहनांची रांग लागते, कोणीतरी ओव्हरटेक करू पाहतो आणि समोरून येणाऱ्याला वळणापलीकडचे दिसत नसते.

या ठिकाणी कॅमेऱ्याची जाण उपयोगी पडते. वेग रस्त्यावर असावा लागत नाही, तो चौकटीत निर्माण करता येतो. कॅमेरा रस्त्यालगत खाली ठेवला, रुंद भिंग लावले आणि कडेचा कठडा व गवत जवळून सरकू दिले, तर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरची गाडीही भरधाव वाटते. उलट दुरून उंचावरून टिपले तर साठचा वेगही संथ दिसतो. तारांच्या आऱ्यांची चाके सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीने टिपली की काही वेगांना ती उलटी फिरल्यासारखी दिसतात. तेव्हाही वाढवायचा तो कॅमेऱ्याचा शटर-वेळ, गाडीचा वेग नव्हे. संवादाच्या दृश्यांसाठी गाडी ठेंगण्या ट्रेलरवर चढवून ओढून नेण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत जुनीच आहे. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’ या इंग्रजी चित्रपटाचा प्रारंभ आल्प्सच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत धावणाऱ्या लॅम्बोर्गिनीने होतो. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरीत लोटला जातो तो दुसऱ्याच, आधीच अपघातात निकामी झालेल्या गाडीचा सांगाडा. चांगली गाडी बळी देण्याची गरज तिथेही पडली नाही.

दुसरी अडचण नियमांची आहे आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर कशासाठी आणता येते, याची यादी २०२१ च्या नियमांत आहे: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल-दुरुस्ती. नियमित किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. चित्रीकरणाचा या यादीत उल्लेख नाही. मग एखाद्या हौशी मालकाने आपल्या गाडीचा माहितीपट केला तर ते प्रदर्शन मानायचे काय? त्याच गाडीला चित्रपटात भूमिका मिळाली आणि भाडे ठरले तर तो व्यवसाय झाला काय? नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क भरून, समितीकडून तपासणी करून घेऊन जो मालक नियमांच्या चौकटीत येतो, त्याच्याच डोक्यावर ही टांगती तलवार राहते. जुन्या साध्या नोंदणीवर गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. नियम पाळणारा अडचणीत यावा, अशी रचना टिकवण्यात काही अर्थ नाही.

स्थानिक बाजूही समजून घ्यायला हवी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने धोकादायक पर्यटनस्थळी रील आणि सेल्फी काढण्यास मनाई केली, ते योग्यच होते. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात रुग्णवाहिकेलाही वाट मिळणे कठीण होते. त्या दिवशी तिथे चित्रीकरणाचा हट्ट धरणाऱ्याला परवानगी नाकारलीच पाहिजे. शिवाय तेव्हा मावळात भातलावणी चालू असते. इंद्रायणी तांदूळ पिकवणारा शेतकरी त्याच अरुंद रस्त्याने रोपे आणि औते नेत असतो. पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चित्रीकरणाचा खरा काळ. हवा धुतलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि गाडीचे इंजिनही कमी तापते.

जागेची निवडही विचाराने करावी लागेल. द्रुतगती मार्गावर थांबण्यास बंदी आहे, तिथे चित्रीकरणाचा प्रश्नच येत नाही. जुन्या महामार्गावर वाहतूक सतत असते. लायन्स पॉइंटच्या रस्त्यावर ड्रोन उडवायचे तर वाटेत नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था आहे. त्यामुळे ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय आणि परवानगीशिवाय ते करता येणार नाही. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत, तिथले नियम वेगळे. पण दुधिवरे खिंडीतून पवनानगरकडे उतरणारा रस्ता आणि पवना धरणाच्या काठाने तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी फिरणारे रस्ते आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पुष्कळ मोकळे असतात. यांतले एक-दोन टप्पे जिल्हा प्रशासनाने ठरवून द्यावेत. सकाळी साडेसहा ते साडेनऊ अशी वेळ नेमावी आणि दोन्ही टोकांना पोलीस उभे करून वाहतूक दहा-दहा मिनिटे रोखण्याची मुभा द्यावी. शाळेची बस, दुधाची गाडी आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी चित्रीकरण तत्काळ थांबले पाहिजे, ही अट परवान्यातच असावी. शुल्काचा ठरावीक वाटा त्या टप्प्यातल्या ग्रामपंचायतींना मिळावा. आपल्या रस्त्यावर काय चालले आहे हे गावाला आधी कळले आणि त्यातून शाळेच्या छपराला चार पैसे मिळाले, तर विरोध होण्याचे कारण उरत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांच्या अनुज्ञेय वापरांत ‘पूर्वपरवानगीने चित्रीकरण’ एवढी एक नोंद वाढवावी. त्यात मालकाला देखभालीपुरते मानधन घेता येईल, असे स्पष्ट लिहावे. महाराष्ट्रात या गाड्यांची आणि चित्रपट व्यवसायाचीही परंपरा मोठी आहे. त्यामुळे ही मागणी राज्य सरकारनेच केंद्राकडे लावून धरली पाहिजे.