सांध्याची परीक्षा : न्यूझीलंडच्या नगरपरिषदांना अनावृत पत्र

न्यूझीलंडमधील सर्व नगरपरिषदांच्या बांधकाम-परवाना खात्यांचे अधिकारी यांच्या सेवेसी,



आपल्या देशातील घरांच्या भिंतींविषयी, आणि त्या उभारण्यास आपण ज्या रीतीने अनुज्ञा देता त्या रीतीविषयी, स्थापत्याचा व्यवसाय करणारा ऑकलंडचा एक रहिवासी या नात्याने मी हे लिहीत आहे. याची इंग्रजी प्रत आपल्या दप्तरी दाखल होईलच. परंतु शहराच्या सीमेवर वाढत चाललेल्या नव्या वसाहतींत आपले पहिले घर बांधू पाहणारी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत, आणि परवान्याच्या वाटेत नेमके काय अडते हे त्यांना स्वभाषेत समजावे, यासाठी हे पत्र मराठीत प्रसिद्ध करीत आहे.

धंद्यात ‘सिप’ या त्रोटक नावाने ओळखले जाणारे पॅनेल रचनेने अगदी साधे आहे. लाकडाच्या चपट्या चिपा राळेत मिसळून दाबलेल्या दोन तक्त्यांच्या मधोमध, ज्याला आपण मराठी माणसे थर्मोकोल म्हणतो त्या पॉलिस्टायरीनचा किंवा पॉलियुरेथेनचा कठीण फेस घट्ट चिकटविलेला असतो. तक्ता एकटा लवतो, फेस एकटा मोडतो. पण तिघांची सांगड पक्की झाली म्हणजे भार पेलणारी भिंत आणि थंडी अडविणारे आवरण अशी दोन्ही कामे एकच वस्तू करू लागते. खिडक्या-दारांच्या जागा कारखान्यातच कापून पॅनेले आणली, क्रेनने उतरवून जोडली, की घराचा सांगाडा थोड्याच दिवसांत उभा राहतो. ही कालपरवाची टूम नव्हे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने १९३५ पासून, आवरणावरच भार तोलणाऱ्या घरांचे प्रयोग चालविले होते. फ्रँक लॉइड राइट यांनी मध्यम उत्पन्नाच्या गृहस्थांसाठी रचलेल्या घरांत अशा थरांच्या भिंती वापरल्या. आणि त्यांचे शिष्य ऑल्डन डाउ यांनी १९५२ च्या सुमारास, गाभ्यात फेस भरलेली पॅनेले मिशिगनमधील मिडलंड येथे घरबांधणीत आणली.

या देशाला अशा भिंतीची गरज काय, हे ज्याने जुलैच्या ऐन हिवाळ्यात एखाद्या जुन्या लाकडी घरात मुक्काम केला आहे त्याला सांगावे लागत नाही. कपाट भिंतीपासून ओढले की मागे काळ्या बुरशीचे ठिपके दिसतात, सकाळी काचांच्या आतल्या अंगाने पाणी ओघळत असते, आणि महाराष्ट्रातून नातवंडांना भेटायला आलेल्या वृद्ध आई-वडिलांना दिवसभर पांघरुणात बसून राहावे लागते. घरात किमान १८ अंश तापमान असावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आणि भाड्याच्या घरातील बैठकीची खोली तेवढी उबदार करू शकेल असे साधन बसविणे २०१९ च्या नियमांनी येथील घरमालकांना बंधनकारक केले आहे. ओटागो विद्यापीठाच्या प्राध्यापक फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांचे सहकारी यांनी १,३५० कुटुंबांचा अभ्यास करून २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले, की जुन्या घरांत उष्णतारोधक थर बसविल्याने घरे अधिक उबदार व कोरडी होतात, छातीत घरघर होण्याच्या तक्रारी घटतात आणि मुलांची शाळा कमी बुडते. नव्या घरांची स्थिती अर्थातच बरी आहे. परंतु ब्रॅन्झ या संशोधनसंस्थेच्या पाठबळाने झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की नव्या घरांच्या लाकडी चौकटीच्या भिंतींत लाकडाचा भाग सरासरी ३४ टक्के भरतो, म्हणजे हिशेबात धरल्या जाणाऱ्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट. जेथे लाकूड तेथे उष्णतारोधक लोकर नाही, आणि लाकडातून ऊब लोकरीच्या मानाने कितीतरी वेगाने निसटते. सिपच्या भिंतीत लाकूड कडांपुरते आणि दारे-खिडक्यांच्या भोवती असते. बाकी सारा विस्तार अखंड फेसाचा. हा तिचा खरा गुण होय.

आता कायद्याकडे वळू. २००४ च्या बांधकाम कायद्याचे कलम १७ सांगते की प्रत्येक बांधकाम देशाच्या बांधकाम-संहितेला उतरले पाहिजे. कलम १८ सांगते की संहितेने मागितले आहे त्याहून अधिक कडक कामगिरी कोणाकडूनही मागता येणार नाही. आणि कलम ४९ सांगते की संहितेतील तरतुदींचे पालन होईल अशी वाजवी कारणांवरून खात्री पटली, तर परवाना दिलाच पाहिजे. कायद्याने मागितली आहे ती वाजवी खात्री, निरपवाद निश्चिती नव्हे. भिंत कशाची असावी हे संहिता ठरवीत नाही. भिंतीने भूकंपात व वाऱ्यात तग धरावा, पाणी आत येऊ देऊ नये, भार पेलणाऱ्या भागांनी ५० वर्षे टिकावे, एवढेच संहिता मागते. ज्या पॅनेलाला, ते संहितेला उतरते असे सांगणारा कोडमार्कचा दाखला मिळाला आहे ते, दाखल्यातील मर्यादांच्या आत, आपण कलम १९ अन्वये स्वीकारण्यास बांधलेले आहात. आणि ज्याला तो नाही त्याच्यासाठी, ठरीव मानकाबाहेरच्या रचनेनेही संहितेचे पालन होते हे दाखविण्याची, म्हणजे पर्यायी उपायाची, वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. लाकडी चौकटीच्या घरांचे एनझेडएस ३६०४ हे मानक या पॅनेलांविषयी मौन बाळगते, हे खरे. पण मानकाचे मौन म्हणजे मनाई नव्हे.

असे असता अर्ज का अडतो, याचा विचार करताना आपल्यावर अन्याय होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. गळक्या घरांचे संकट हा देश विसरलेला नाही. नव्वदीच्या दशकात संरक्षक प्रक्रिया न केलेले लाकूड चौकटीत वापरण्यास मुभा मिळाली, त्यावर मागे पोकळी नसलेले सपाट गिलाव्याचे आवरण चढले, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरली नाही, आणि भिंती आतल्या आत कुजल्या. २००९ मध्ये सरकारसाठी केलेल्या अंदाजात अशी घरे सुमारे ४२,००० आणि खर्च ११.३ अब्ज डॉलर धरला होता. घरमालकाप्रती नगरपरिषदेवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, हे हॅमलिन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९९६ मध्येच कायम केले होते. आणि संयुक्त दायित्वाच्या तत्त्वामुळे, कंत्राटदाराची कंपनी गुंडाळली गेली व पुरवठादार दिवाळखोर झाला, की त्यांच्या वाट्याचीही भरपाई नगरपरिषदेने, म्हणजेच तिच्या करदात्यांनी, भरावी असा प्रसंग वारंवार आला. ज्या अधिकाऱ्याने हे सारे पाहिले, त्याने अपरिचित भिंतीच्या नकाशावर सही करताना हात आखडता घेतला, तर त्यात मला दुष्टावा दिसत नाही. पण भय समजण्याजोगे आहे एवढ्याने त्यातून निघणारा प्रत्येक प्रश्न समर्पक ठरत नाही.

माझ्या परिचयातील एका दांपत्याने उत्तर बेटावरील एका नगरपरिषदेकडे सिपच्या घरासाठी अर्ज केला. अभियंत्याचे आराखड्याविषयीचे निवेदन, पुरवठादाराच्या चाचण्यांचे अहवाल, आवरणामागच्या निचऱ्याच्या पोकळीचे नकाशे, सारे काही सोबत जोडलेले होते. उत्तरादाखल माहितीची मागणी आली, तिच्यात उभ्या लाकडी खांबांमधील अंतर किती, आडव्या पट्ट्या कोठे, चौकटीच्या लाकडाचा प्रक्रियावर्ग कोणता, अशी विचारणा होती. म्हणजे ज्या भिंतीत असे खांबच नाहीत तिचे वर्णन खांबांच्या भाषेत करून मागितले होते. कायद्याने परवान्याच्या निर्णयासाठी कामकाजाचे २० दिवस घालून दिले आहेत, परंतु अशी मागणी निघाली की तिचे उत्तर येईपर्यंत मुदत थांबते. एका उत्तरातून पुढची मागणी निघाली, आणि घराचे भाडे व जमिनीच्या कर्जाचे व्याज एकाच वेळी भरीत असलेल्या त्या दोघांनी अखेर अर्ज मागे घेऊन नेहमीच्या चौकटीचे घर बांधले. याच पॅनेलाच्या घराला शेजारच्या नगरपरिषदेने पूर्वी मंजुरी दिली होती. ती दाखविली असता, तो निर्णय आम्हांला बंधनकारक नाही, असे उत्तर मिळाले. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर बिनचूक होते. या सगळ्या पत्रव्यवहारात एका गोष्टीची मात्र कोणी चौकशी केली नाही : पॅनेलांचे सांधे कसे बंद करणार?

आणि सिपच्या घराचे सारे भवितव्य या सांध्यात आहे. २००१ च्या सुमारास अलास्काच्या जूनो शहरात अशाच पॅनेलांची छपरे कुजलेली आढळली. फेस शाबूत होता; कुज होती ती सांध्यांच्या रेषेवर, बाहेरच्या तक्त्यात. दोन पॅनेले जोडताना कडेच्या खाचांत तक्त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या सरकवितात, खाचेत फुगणारा फोम किंवा मॅस्टिकची सलग रेघ भरतात, मग खिळ्यांनी दोन्हीकडचे तक्ते त्या पट्ट्यांना जखडतात, आणि आतील अंगाने सांध्यावर चिकटपट्टी ओढतात. ही रेघ एखाद्या ठिकाणी वीतभर जरी तुटली, तरी घरातील ऊबदार, दमट हवा त्या फटीतून बाहेरच्या अंगाकडे सरकते, थंड तक्त्यापाशी पोचताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि ते पाणी तक्त्याच्या कडेत मुरत राहते. वरून पाऊस गळत नसतो; म्हणून छप्पर मऊ पडेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या तपासणीचे टप्पे चौकटीच्या घराला अनुसरून आखलेले आहेत. आतले जिप्समचे पत्रे बसण्यापूर्वी आपला निरीक्षक येतो, लाकडातील ओल मोजतो, लोकर नीट बसली आहे की नाही ते पाहतो. चौकटीच्या घरात त्या दिवशी भिंतीचे अंतरंग उघडे असते. सिपच्या घरात मात्र पट्टी सरकवून पॅनेल दाबले की त्याच क्षणी सांधा दृष्टीआड होतो, आणि पुढे आलेल्या निरीक्षकाला गुळगुळीत तक्त्याखेरीज काही दिसत नाही. म्हणून माझी आपणांस विनंती अशी, की या घरांसाठी कागदपत्रांचा भार वाढविण्याऐवजी निरीक्षकाला पॅनेल उभारणीच्याच दिवशी जागेवर पाठवावे. पायथ्याच्या पट्टीखालचा ओल अडविणारा थर, भिंतीचा कोपरा आणि छपराचा कणा या ठिकाणचे सांधे तरी त्याने बंद होताना डोळ्यांनी पाहावेत. आणि घर पुरे होण्याआधी दारात पंखा बसवून, आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करून, हवेची गळती मोजणारी चाचणी मागावी. ही चाचणी महागडी नाही, आणि मोठी गळती कोठे राहिली ते ती त्याच दिवशी दाखवून देते. इतक्या घट्ट घराला यांत्रिक वायुवीजन लागते, तेही नकाशात आहे की नाही हे अवश्य पाहावे. वायरिंगबद्दलही विचारावे, कारण पीव्हीसीची तार पॉलिस्टायरीनला थेट चिकटली तर तिच्या वेष्टनातील मृदुकारक द्रव्य फेसात उतरते व वेष्टन कडक होऊन तडकते. त्यासाठी तारा नळीतूनच गेल्या पाहिजेत. हे प्रश्न कठोर आहेत, आणि ते कठोरच असावेत. पण ते याच भिंतीला विचारलेले प्रश्न आहेत.

दुसरी विनंती निर्णयांच्या नोंदीविषयी. परवाने देणाऱ्या साठांहून अधिक संस्था या लहानशा देशात आहेत, आणि एकीने महिनोन्‌महिने अभ्यास करून काढलेला निष्कर्ष दुसरीच्या दप्तरात पोचत नाही. कायद्याच्या कलम १७७ खाली बांधकामविषयक मंत्रालयाकडे नेलेल्या वादांचे निवाडे कारणांसह प्रसिद्ध होतात. तशीच पर्यायी उपायांच्या मंजुरीची आणि नामंजुरीची कारणे आपण सर्वांनी एका सामायिक नोंदवहीत उघड ठेवावीत. पूर्वीचा निर्णय बंधनकारक नसला तरी वाचनीय असतो, आणि वाजवी कारणांमध्ये त्याची गणना करण्यास कायद्याची हरकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संयुक्त दायित्वाऐवजी प्रत्येकाच्या दोषाच्या प्रमाणात दायित्व आणण्याचा, आणि परिषदांना आपली परवाना-खाती स्वेच्छेने एकत्र करण्याची मोकळीक देण्याचा मनोदय जाहीर केला, त्याचे मी स्वागत करतो. त्याच वेळी घरमालकाला विम्याचे किंवा हमीचे खरे संरक्षण मिळाले पाहिजे, असा माझा तितकाच आग्रह आहे. अन्यथा परिषदेच्या खांद्यावरून उतरलेला भार, ज्याला तो मुळीच पेलवणार नाही, त्या कुटुंबावर जाऊन पडेल.

या सुधारणांची वाट पाहत थांबण्याचे मात्र कारण नाही. कलम ४९ आजही अंमलात आहे, निरीक्षक आपल्या पदरी आहेत, आणि तपासणीचे टप्पे ठरविण्याचा अधिकारही आपलाच आहे. तेव्हा सिपच्या घराचा पुढचा अर्ज आपल्या मेजावर येईल त्या दिवशी खांबांतील अंतर विचारू नये. सांध्याचा नकाशा मागवावा, आणि पॅनेल उभारणीच्या तपासणीची तारीख परवान्यातच लिहून द्यावी, एवढी प्रार्थना आहे.

कळावे.

आपला नम्र,
ऑकलंड येथील एक मराठी स्थापत्य-अभियंता